सरपणाचा बंगला

गवंड्याने बांधलेल्या भिंतीतून मुंगीसुद्धा जायची नाही, असं लोक म्हणायचे. लोक असं म्हणतात हे गवंड्यालाही ठाऊक होतं, आणि ते तो विसरलेला कुणी कधी पाहिला नाही. उभा जन्म त्याने फटी बुजवण्यात घालवला होता. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत त्याची नजर भिंतीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरून यायची, आणि कुठे गिलाव्याला तडा दिसला की चहा गोड लागायचा नाही. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बाहेरची कामं त्याने सोडली होती. थापी, ओळंबा, रंधा तेलाचं फडकं फिरवून पोत्यात गुंडाळून ठेवले होते. बोटं मात्र अजून शिवशिवायची.

यंदा पावसाळा तोंडावर आला तसा त्याच्या जिवाला एकच घोर लागला, बायकोच्या छातीचा. मागच्या पावसाळ्यात तिला धाप लागली ती पाऊस गेला तरी गेली नाही. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागायचं, म्हणून तिने बोलणंच आवरतं घेतलं. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गवंडी अंगणाचा रस्ता धरायचा. तो पट्टा बंद पडलेला पाहून मात्र त्याचं धाबं दणाणलं. डॉक्टरने छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि विचारलं, घरात काय जाळता? लाकूड. कोरडं की ओलं? पावसाळ्यात कोरडं कुठून आणायचं, असं गवंडी म्हणाला, तेव्हा डॉक्टरने चष्मा काढून ठेवला. औषध देतो, म्हणाला, पण ओल्या लाकडाच्या धुरात आणखी एक पावसाळा काढलात तर पुढे औषधाच्या हातात काही राहणार नाही.

गॅसची टाकी घरात होती. पण पाऊस लागला की टाक्यांची गाडी चढ चढून वर यायची नाही, म्हणून ती चहादुधापुरती जपून वापरायची. जेवण, अंघोळीचं पाणी, ओल्या कपड्यांची ऊब, सगळं चुलीवर. सुनेने चूल आपल्या हाती घेऊन पाहिली होती. पण धूर काही चुलीपुढच्या माणसापुरता नसतो, तो घरभर होतो. तेव्हा सरपण कोरडं राहिलं पाहिजे, एवढीच गोष्ट हातात होती. आजवर ते मागच्या भिंतीला टेकून वळचणीखाली पडलेलं असायचं. वरून पाणी ठिबकायचं, खालून ओल चढायची, आणि दर दोन वर्षांनी वाळवी लाकडातून भिंतीत यायची.

गवंडी सुनेला घेऊन परसात फिरला. मुलगा ट्रकवर असायचा, महिन्यातून कधीतरी उगवायचा, त्यामुळे घरात विचारायला तीच होती. ताडपत्री टाकावी का, तर ती वाऱ्याने फाटते. ओट्यावर रचावं तर माणसांनी बसायचं कुठे? सून पावाची भट्टी असलेल्या घरातून आली होती. ती म्हणाली, "आमच्याकडे मोकळ्यावर चार खांब रोवलेत, बाबा. वर पत्रा आणि खाली दगड. बाजूंना काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे उघडंच."

गवंडी हसला. "अगं, उघडंच ठेवायचं होतं तर झाडावर काय वाईट होतं?"

आतून बायकोही हसली आणि हसता हसता खोकली. त्या खोकल्याने गवंड्याचा निर्णय पक्का केला. परसाच्या टोकाला, घरापासून लांब, त्याने दोरी ताणली. चार भिंती, पक्की जमीन, वर पत्रा, घट्ट दार. पावसाचा थेंब आत गेला तर नाव बदलीन, म्हणाला. सुनेने दोरीचं दुसरं टोक धरलं. थापी हातात घेतलेल्या माणसाशी वाद घालू नये, असं सासूने तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.

मग गवंड्याच्या अंगात आलं. पाया खणताना गुडघे बोलत होते, तो ऐकत नव्हता. सून डेअरीवरचं सकाळचं काम आटपून आली की पदर खोचून माल कालवायची आणि घमेली वाहायची. उन्हाने तिच्या मानेवर घामाची रेघ सुकून पांढरी व्हायची. सिमेंटने गवंड्याच्या बोटांची कातडी खाल्ली, तो रात्री त्यांना खोबरेल लावायचा आणि सकाळी पुन्हा मालात घालायचा. वीट उचलायची, उलटून बघायची, ठोकून कानाशी आवाज घ्यायचा, मगच लावायची. एक थर अर्ध्या बोटाने बाहेर गेला म्हणून त्याने तो संध्याकाळी उतरवला आणि सकाळी पुन्हा चढवला. बायको मागच्या दारात पाट टाकून बसायची आणि हे सगळं बघायची. आपल्यासाठी चाललंय हे तिला कळत होतं. एकदा सून दमून टेकली तेव्हा ती तिला हळूच म्हणाली, "आमच्या लग्नात सुद्धा... एवढा घाम नव्हता... गाळला त्यांनी."

आतून गिलावा झाला, बाहेरून झाला. पत्र्याच्या कडा मालात दाबून बंद केल्या. मुलगा मध्ये एकदा घरी आला तेव्हा ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब देऊन गेला. तिच्या पट्ट्या कापून गवंड्याने दाराच्या चौकटीला चारही बाजूंनी ठोकल्या. शेवटी तो आत जाऊन उभा राहिला आणि सुनेला बाहेरून दार लावायला सांगितलं. आत काळाकुट्ट अंधार झाला. टाचणीच्या टोकाएवढाही उजेड कुठून येतो का, हे बघत तो भिंतीभिंतीने फिरला. नाही आला. घामाने निथळत तो बाहेर आला तेव्हा परीक्षा पास झालेल्या पोराच्या तोंडावर असतो तसा आनंद त्याच्या तोंडावर होता.

शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून बघायला आला. त्याने दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. "लाकडांना बंगला, आणि माणसं कौलाखाली," म्हणाला. "पुढच्या जन्मी गवंड्याच्या घरी सरपण होऊन येतो." गवंड्याने ही थट्टा कौतुकासारखी घेतली, आणि ती तशीच होती.

लाकूडवाल्याने लाकूड द्यायला उशीर केला. ते नुकतंच तोडलेलं होतं, सालीखाली अजून रस होता. गवंड्याने ते फोडून घेतलं आणि स्वतः रचलं. रचलं म्हणजे काय, बांधकामच केलं. दोन फोडींच्या सांध्यावर वरची फोड, विटांसारखी. जिथे बोट जाईल तिथे ढलपी ठोकली. जमिनीपासून पत्र्यापर्यंत लाकडाची एकसंध भिंत उभी राहिली, आणि दार लागताना ट्यूबच्या पट्टीने फुस्स केलं. दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं.

पहिले काही दिवस घरात मागची उरलीसुरली काटक्याकुटक्यांची रास पुरली. मग दार उघडलं. आतून वास आला, बंद पेटीत ओलं कापड राहिलं की येतो तसा. वरच्या फोडींवर पांढरी लव आली होती. भिंतींना घाम फुटला होता आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब लोंबत होते. गवंड्याने मान वर करून ते थेंब पाहिले आणि त्याचं तोंड उतरलं. पत्रा गळतोय.

भर पावसात तो शिडी लावून वर चढला. सून खालून शिडी धरून भिजत होती, आणि बायको दारातून उतरा उतरा म्हणत होती, निम्मं हातांनी. गवंड्याने एकेका खिळ्याच्या डोक्यावर डांबर लावलं. कडा पुन्हा मालाने दाबल्या. खाली येऊन दाराच्या पट्टीवर आणखी एक पट्टी ठोकली. आठवड्याने वर पाहिलं तर थेंब दुप्पट झाले होते, आणि लव खालपर्यंत उतरली होती.

चुलीत घातलेली फोड सू सू करायची. तिच्या टोकाला फेस यायचा, जाळ व्हायचा नाही, नुसता पिवळट धूर. घरात डोळे उघडे ठेवून बसता येईना. गवंड्याने आधी झाडाला दोष दिला, मग लाकूडवाल्याला, मग सून फुंकणी धरते त्या पद्धतीला. सून मूग गिळून फुंकत राहिली. बायको जेवण अर्धं टाकून परसात जायची, आणि पावसाच्या आवाजात आपला खोकला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी उभी राहायची. ते ठिकाण नेमकं सरपणाच्या खोलीमागे होतं. गवंडी एकदा ओल कुठून येते ते शोधत भिंतीभोवती फिरत होता, तेव्हा त्याला ती दिसली. दोन्ही हात त्याच्या भिंतीला टेकवून ती वाकली होती. खांदे वर जात होते, खाली येत होते, आणि हवा काही पुरेशी आत जात नव्हती. त्याला पाहताच ती सरळ झाली आणि ओठांना पदर लावला. तो तिला धरून आत घेऊन गेला. तिच्या पाठीवर त्याचा हात होता, त्याला हाताखाली तिच्या बरगड्या धडपडताना कळत होत्या. तो मनातून फार भ्याला.

त्या संध्याकाळी सून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, रागावू नका. पाणी बाहेरून येत नाहीये."

"मग काय आकाशातून पडतंय?"

"ते लाकडातच होतं. त्याला बाहेर जायला तुम्ही वाट ठेवली नाही."

गवंड्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पण डांबराचा डबा घेऊन निघालेला तो तिथेच थांबला. सून म्हणाली, आता लगेच कोरडं लाकूड हवं, ते माझ्या वडिलांकडे आहे, मी जाऊन मागते. गवंडी म्हणाला, तू नाही. मी जातो.

व्याह्याची भट्टी पलीकडच्या वस्तीत, चिखलाच्या रस्त्याने. गवंडी छत्री घेऊन निघाला तेव्हा शिंप्याने शिवणयंत्रावरून मान वर करून कुठे, असं विचारलं, आणि गवंड्याने असंच पाय मोकळे करायला, असं सांगितलं. गुडघाभर चिखलात पाय मोकळे करायला कोण जातं, हे शिंप्याने विचारलं नाही. वाटेत गवंड्याने काय बोलायचं ते जुळवलं आणि भट्टीच्या दारात पोचेपर्यंत सगळं विसरला. लग्नात याच माणसाच्या घराच्या चौकटीवर त्याने नाक मुरडलं होतं, एवढंच नेमकं आठवलं.

व्याही पीठ लागलेल्या हातांनी उठला. ऐकून घेतलं, आणि चला म्हणाला. भट्टीमागे सरपण होतं. चार खांब, वर उताराचा पत्रा, बाजूंना काही नाही. पाऊस तिरका येत होता, कडेच्या फोडींची टोकं भिजत होती, व्याह्याला त्याचं काही वाटत नव्हतं. लाकडं दगडांवर रचलेली होती, ओळी एकमेकींपासून सुट्या, फोडी ऐसपैस. गवंड्याच्या डोळ्यांना ते रचणं म्हणजे गबाळेपणा वाटला. इतक्या फटी त्याने आयुष्यात एका जागी पाहिल्या नव्हत्या. व्याह्याने मधल्या ओळीतून दोन फोडी ओढल्या आणि एकमेकींवर हाणल्या. टण् असा आवाज आला, पक्क्या विटेसारखा.

गवंड्याने दोन ओळींमध्ये हात घातला, खांद्यापर्यंत. पाऊस पडत होता, सगळीकडे चिकचिक होती, आणि आत त्याच्या हाताला वारा लागत होता. तो तसाच हात घालून उभा राहिला.  व्याह्याने टोमणा मारला असता तर गवंड्याने उलटून दोन शब्द सुनावले असते आणि बरं वाटलं असतं. पण व्याही नुसतं म्हणाला, जेवून जा, तोवर गाडा भरतो. गवंडी मान खाली घालून जेवला. गाडा ओढायला व्याह्याने माणूस देऊ केला, तेव्हा गवंड्याने त्याला पुढे लावलं आणि मागून ढकलायला स्वतः लागला.

त्या लाकडाने घरात जाळ झाला. गवंडी चुलीजवळ बसून बघत राहिला. मग उठून पोतं सोडलं आणि छन्नी-हातोडा काढला. पावसाने उघडीप दिली होती.

सून आणि त्याने मिळून आधी लाकडं बाहेर काढली. खालच्या थरातली फोड हाताला पाव भिजल्यासारखी लागत होती. मग गवंड्याने खडूने समोरासमोरच्या दोन भिंतींवर खुणा केल्या, एक वीट ठेवायची, एक काढायची, वरच्या थरात त्याच्या उलट. पहिला घाव घातला तर ठिणगी उडाली आणि गिलाव्याचा टवकासुद्धा निघाला नाही. दुसरा घातला. स्वतःच्या हाताचं काम त्याला कधी एवढं महागात पडलं नव्हतं. दुपारपर्यंत चार विटा निघाल्या, मनगट सुजलं. आवाज ऐकून शिंपी आलाच. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं आली, आणि कुंपणापाशी उभी राहिली.

"अहो, एवढी मजबूत भिंत," शिंपी म्हणाला, "बांधली तरी कुणी?"

"होता एक गाढव," गवंडी म्हणाला आणि छन्नी लावली.

सून घमेल्याआड तोंड लपवून हसली. कुंपणापाशी कुणी हसलं नाही. मग शिंपी छत्री ठेवून आत आला आणि निघालेल्या विटा उचलून बाजूला मांडायला लागला. गवंड्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण हात थांबला नाही. दाराच्या ट्यूबच्या पट्ट्या सुनेने उपटल्या, आणि त्या उपटताना तिला जरा जास्तच जोर आला होता.

दोन्ही भिंतींची चाळण झाली. काढलेल्या विटा गवंड्याने आतल्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि त्यांच्यावर लाकडं रचली, जमिनीला कुठे टेकू न देता. रचताना त्याचा हात सवयीने फट बुजवायला ढलपी शोधायचा. सून ती ढलपी काढून घ्यायची. "राहू द्या, बाबा. उघडीच बरी." कडेची लाकडं भिजतील, तो म्हणाला. भिजली की वाळतील, ती म्हणाली. संध्याकाळी वारा सुटला, एका भिंतीतून आत शिरला आणि दुसऱ्या भिंतीतून निघाला. गवंडी पलीकडे उभा होता, त्याच्या तोंडावर लाकडाचा कुबट वास आला.

लाकूड एका रात्रीत वाळत नाही. व्याह्याचा गाडा त्यानंतरही आला, आणि गवंडी दर वेळी मागून ढकलत होता. पण लव आधी करडी झाली, मग झडली. फोडींच्या टोकांना चिरा पडू लागल्या. येता-जाता गवंडी आत जाऊन दोन फोडी ठोकायचा. आधी थप असा आवाज यायचा, मग टक, आणि पाऊस ओसरायला लागला तेव्हा एका सकाळी टण् झालं. त्याने कवेत मावतील तेवढ्या फोडी उचलून स्वयंपाकघरात आणल्या.

बायको चुलीपुढे होती. जाळ सरळ वर जात होता. सून पाणी भरत होती.

"लोक हसतात आपल्याला, ठाऊक आहे ना?" बायको मागे न बघता म्हणाली. "शिंप्याची बायको सांगत होती, म्हातारपणी गवंडी स्वतःच्याच भिंती फोडत सुटलाय म्हणून. मी म्हटलं, हसा, फोडली तेच बरं झालं. पण सकाळपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. लाकडांना वारा लागावा म्हणून तुम्ही एवढ्या खिडक्या केल्या. मी या खोलीत सून म्हणून आले ती सासू झाले, आणि मला काय, तर तेवढा एक झरोका. तोसुद्धा पाऊस येतो म्हणून तुम्ही अर्धा बुजवलात."

वाक्य मध्ये कुठेही तुटलं नाही, हे गवंड्याच्या आधी लक्षात आलं. ती काय बोलली, ते नंतर. त्याने लाकडं खाली ठेवली. झरोक्याकडे पाहिलं. ओंजळभर उजेड येत होता, आणि त्याच्याभोवतीची भिंत इतक्या वर्षांच्या धुराने काळी झाली होती. ती भिंत त्याने बांधली होती, उमेदीच्या काळात, मुंगीला वाट न ठेवता. तो तसाच बाहेर गेला.

"रागावले बहुतेक," सून म्हणाली.

"रागावू दे," बायको म्हणाली. पण तिचा हात थांबला.

गवंडी परत आला तेव्हा त्याच्या एका हातात छन्नी-हातोडा होता आणि दुसऱ्या हातात खडू. तो भिंतीपाशी उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "कुठे हवी?"

 या घरातल्या कुठल्याही भिंतीबद्दल बायकोला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती उठली, भिंतीवरून हात फिरवत इकडून तिकडे गेली, परत आली. डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत, धुराची सवय असल्यासारखे तसेच राहू दिले. मग आपल्या खांद्याच्या उंचीवर तिने पंजा ठेवला. "इथे. उभं राहिलं की रस्ता दिसला पाहिजे."

गवंड्याने तिच्या पंजाच्या चारही बाजूंना रेघा ओढल्या. तिने हात उचलून मोठी, मोठी, असं खुणावलं, तेव्हा पुसल्या आणि आणखी लांबवर ओढल्या. चूल विझवायला सांगितली. धूळ उडेल, तू बाहेर जाऊन बस, म्हणाला.

"मी नाही जायची," ती म्हणाली. "मला बघायचंय."

पाट ओढून ती भिंतीसमोर बसली, आणि गवंड्याने पहिला घाव घातला.